वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : घरात मधुमेहाचे निदान नव्याने झाल्यावर

प्रश्न : आमचे गाव कोरेगाव तालुक्यात आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, चौसष्ट वर्षांचे असून ऊस आणि घेवड्याची शेती आजही स्वतः पाहतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले असता त्यांची उपाशीपोटीची साखर १९२ आणि एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ निघाले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराईड १ मिलिग्रॅम सकाळी, अशा गोळ्या दिल्या आहेत. तेव्हापासून घरात रोज काही ना काही वाद होतो. सासूबाईंनी भात पूर्ण बंद केला, साखरेऐवजी गुळाचा चहा सुरू केला, आणि ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते असे त्या म्हणतात. माझे पती रोज पहाटे यंत्रावर साखर तपासतात. रात्री १५० असलेली साखर सकाळी १७० दिसली की तात्यांनी रात्री उठून काहीतरी खाल्ले, असा ठपका त्यांच्यावर येतो. आता तात्या बोट पुढे करायलाही तयार होत नाहीत. मागच्या आठवड्यात नुसता चहा आणि गोळी घेऊन ते रानात गेले आणि अकराच्या सुमारास घाम फुटून, हातपाय थरथरून बांधावर बसले. ऊन लागले असेल म्हणून शेजाऱ्यांनी पाणी पाजले. घरी येऊन जेवल्यावर त्यांना बरे वाटले. एका नातेवाइकांनी पुडीतले औषध दिले असून त्याने गोळ्या सुटतात असे ते सांगतात. तात्या एकादशी धरतात, आणि आषाढीला लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालण्याचा त्यांचा नेम आहे. त्यांना जाऊ द्यावे का, आणि घरातल्या माणसांनी नेमके काय करावे?
— एक वाचक भगिनी, कोरेगाव तालुका

उत्तर : आपल्या पत्रात अनेक प्रश्न आहेत, परंतु बांधावर घडलेल्या प्रसंगाबद्दल मी सर्वांत आधी लिहितो, कारण बाकीच्या गोष्टींना काही आठवडे लागले तरी चालेल, या गोष्टीला उशीर चालणार नाही. तात्यांना ऊन लागले नव्हते, त्यांची साखर उतरली असण्याची शक्यता फार मोठी आहे. ग्लिमेपिराईड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न गेले आहे की नाही याची वाट ती पाहत नाही. सकाळी सातला गोळी, सोबत केवळ चहा, त्यानंतर चार तास रानातले कष्ट, एवढे एकत्र आले की रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे अगदी स्वाभाविक आहे. मेटफॉर्मिन एकटे असेल तर असे सहसा होत नाही; म्हणून कोणती गोळी कशी वागते हे घरातील किमान दोन माणसांना ठाऊक असले पाहिजे. ग्लिमेपिराईड दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याबरोबरच घ्यावे, चहाबरोबर घेऊ नये, आणि ज्या दिवशी ते खाणे होणार नाही त्या दिवशी या गोळीचे काय करायचे हे तात्यांच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून, लिहून घ्यावे. झालेला प्रसंगही त्यांना याच आठवड्यात सांगावा. गोळीचे प्रमाण कमी करायचे किंवा गोळीच बदलायची, हा निर्णय ते घेतील. विहिरीच्या काठावर, विळा हातात असताना किंवा मोटारसायकलवर असे झाले असते तर काय झाले असते, याचा विचार केल्यावर मला ही गोष्ट इतकी आग्रहाने का सांगाविशी वाटते हे आपल्या लक्षात येईल.

घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून लागलेली भूक, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा शांत स्वभावाचा माणूस अचानक चिडचिड करू लागणे वा असंबद्ध बोलू लागणे, ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. यंत्र जवळ असेल तर तपासावे; नसेल तर तपासण्याची वाट न पाहता तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून द्यावी, किंवा तेवढाच गूळ वा ग्लुकोजची पूड द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर अजून ७० च्या खाली असेल किंवा बरे वाटत नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि बरे वाटल्यावर भाकरी-भाजीसारखे नेहमीचे काहीतरी खायला घालावे. पेढा अशा वेळी उपयोगाचा नाही, कारण खव्यातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. ग्लिमेपिराईडचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी तात्यांना एकटे सोडू नये. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रानात जाताना तात्यांच्या खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोजची पुडी कायम असावी, आणि शेजारच्या रानातल्या माणसांनाही ती कशासाठी आहे हे माहीत असावे.

आता पहाटेच्या १७० विषयी. तात्यांनी रात्री काही खाल्ले नसेल, अशीच शक्यता मला अधिक दिसते. आपले यकृत हे घरातल्या कणगीसारखे आहे: दिवसा जेवणातून आलेली साखर ते साठवते आणि रात्री, आपण उपाशी झोपलेले असताना, थोडी थोडी रक्तात सोडत राहते. पहाटेच्या सुमारास शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि यकृत अधिक साखर सोडते. निरोगी माणसात तेवढेच इन्सुलिन वाढून हिशेब जुळतो. मधुमेहात तो जुळत नाही, आणि काहीही न खाता सकाळचा आकडा रात्रीच्या आकड्यापेक्षा वर दिसतो. मेटफॉर्मिनचे मुख्य काम यकृताच्या या सोडण्यावर आवर घालणे हेच आहे. म्हणजे ज्या आकड्यावरून एका ज्येष्ठ माणसाला रोज सकाळी मुलासमोर खुलासा द्यावा लागतो, त्या आकड्यावर त्यांचा फारसा ताबाच नाही. आपल्या पतींचा हेतू काळजीचा आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु हा परिच्छेद त्यांनी स्वतः वाचावा आणि तात्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

रोज पहाटे एकदा तपासण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन दिवस निवडून, त्या दिवशी एखाद्या जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी, अशी जोडीने तपासणी करावी. कधी सकाळचे जेवण, कधी रात्रीचे. त्यातून कोणत्या ताटाने साखर किती चढते हे दिसते, आणि यंत्राच्या तेवढ्याच पट्ट्यांत कितीतरी अधिक माहिती मिळते. सध्या मात्र दुपारच्या जेवणाआधीची, अकराच्या सुमाराची तपासणीही अधूनमधून करावी, कारण त्यांची साखर त्या वेळी उतरते असा संशय आहे. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे लक्ष्य धरले जाते. तात्यांसाठी नेमके किती, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. घरगुती यंत्र आणि प्रयोगशाळा यांच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून १५० आणि १६२ यांत चढ-उतार शोधत बसू नये. तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल तर यंत्र खोटा, फार मोठा आकडा दाखवते, आणि गुऱ्हाळाच्या दिवसांत आपल्याकडे हे सहज घडू शकते. बोट टोचण्याचे साधन तात्यांच्या हाती द्यावे, आकडा वहीत त्यांनीच लिहावा, शेजारी काय खाल्ले आणि किती कष्ट झाले तेही लिहावे, आणि वही डॉक्टरांनी पाहावी. एचबीए१सी ८.९ म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सुमारे २०९ होती. ती काही दिवसांत खाली आणण्याची घाई नको. निदानापासून तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा केल्यावरच उपचार लागू पडत आहेत की नाही ते कळेल.

वहीवर माझा एवढा भर असण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या घरात आकड्यावरून बोलणी बसतात, त्या घरातला माणूस चोरून खाऊ लागतो. साताऱ्याला गेल्यावर त्याने कंदी पेढे खाल्ले तरी ते कोणाला सांगत नाही, वहीत लिहित नाही, आणि डॉक्टर मात्र वाढलेली साखर पाहून गोळी वाढवतात. मग ज्या दिवशी तो पथ्याने राहतो त्याच दिवशी त्याची साखर उतरते. पाहुण्यांसमोर, जेवणानंतर, क्वचित खाल्लेला आणि वहीत लिहिलेला अर्धा पेढा त्यापेक्षा पुष्कळ बरा.

सासूबाईंनी घेतलेले कष्ट मोलाचे आहेत, फक्त त्यांची दिशा थोडी बदलायला हवी. गुळात मुख्यतः साखरच असते. त्यातल्या थोड्याशा लोहाने व क्षारांनी रक्तातील साखरेवर होणारा परिणाम बदलत नाही. मधाचेही तसेच आहे. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे गूळ धरला तर तो पन्नास ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे महिन्याला दीड किलो. बिनगुळाचा चहा पहिले काही दिवस जड जाईल. कपात रोज थोडा थोडा गूळ कमी करत गेल्यास जीभ सरावते, आणि कपांची संख्याही दोनवर आणता येते.

ज्वारीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ज्वारीत तंतू आहेत, ती पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचते, आणि ती आपल्या मातीतली आहे. तिच्यावर मी एक अक्षरही वाईट लिहिणार नाही. पण ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे सत्तर ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, आणि आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी शंभर ग्रॅम पिठाची असू शकते. अशा तीन भाकरी एका बैठकीत खाल्ल्या तर भात बंद केल्याचा लाभ उरत नाही. पातळ, मध्यम आकाराची एक किंवा दीड भाकरी, आणि हवा असेल तेव्हा तिचा काही भाग कमी करून लहान वाटीभर भात, असे केल्यास भात पूर्ण बंद करण्याची गरज नाही. कष्टाच्या दिवसांत भाकरी थोडी अधिक लागेल, तेही वहीच्या आधारे ठरवावे. ताटाचा अर्धा भाग मेथी, चाकवत, तांदळजा, दोडका, गवार अशा भाज्यांनी आणि कोशिंबिरीने भरावा, पाव भाग उसळ, डाळ किंवा अंड्याचा असावा आणि उरलेल्या पाव भागात भाकरी यावी. आधी भाजी, कोशिंबीर व उसळ आणि मग भाकरी, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे तपासण्यांतून दिसलेले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आपल्या कोरेगावचाच. त्यातील प्रथिने आणि तंतू यांमुळे तो हळू पचतो. तो विकून टाकून घरी भाकरीवर भाकरी खाण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा त्याची उसळ व्हावी. फळांपैकी पेरू, जांभूळ किंवा महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी बेताने चालते; उसाचा रस मात्र चालत नाही, तो आपल्या शेतातला असला तरी. आणि हे ताट साऱ्या घराने खावे. एकट्या तात्यांसाठी वेगळे भांडे चढले की ते स्वतःला घरातले रोगी समजू लागतात. शिवाय वडिलांना मधुमेह असल्याने तो होण्याचा धोका आपल्या पतींनाही इतरांपेक्षा अधिक आहे, तेव्हा त्यांनीही आपली साखर आताच तपासून घ्यावी.

पुडीतले औषध बंद करावे. कारले आणि मेथी भाजी म्हणून जरूर खावी, परंतु ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अशा काही चूर्णांत ग्लिमेपिराईडच्या जातीची औषधे किंवा स्टिरॉइड मिसळलेली सापडलेली आहेत. पहिल्याने तात्यांची साखर पुन्हा बांधावरच्यासारखी उतरेल, दुसऱ्याने ती चढेल.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी हा उपवास नसून जवळजवळ निव्वळ पिष्टाचे जेवण आहे. वरई आणि बटाटाही त्याच वाटेने जातात. उपवास धरायचाच असेल तर दही, ताक, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि एखादे फळ असे थोडे थोडे, ठरलेल्या वेळी घ्यावे. निर्जळी एकादशी करू नये, आणि उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराईडचे काय करायचे ते डॉक्टरांनाच विचारावे.

पालखीबद्दल माझे उत्तर आहे, तयारी करून जाऊ द्यावे. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने वर्षानुवर्षे चाललेल्या माणसाला मधुमेह झाला म्हणून घरी बसवणे मला योग्य वाटत नाही. चालण्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि इन्सुलिनचे कामही सुधारते. मात्र त्याच कारणाने दिवसभर चालताना साखर उतरण्याचा धोका वाढतो, म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना भेटून चालीच्या दिवसांपुरते गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. त्याच भेटीत पायांची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर खडा टोचलेला किंवा फोड आलेला कळत नाही, आणि न कळलेली जखमच पुढे चिघळते. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर तो यंदापासून सोडावा. आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट आणि सुती मोजे घालावेत, ओले झालेले मोजे लगेच बदलावेत, आणि मुक्कामी पोहोचल्यावर दिंडीतल्या कोणाकडून तरी दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहून घ्याव्यात, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना स्वतःला नीट दिसणार नाही. फोड फोडू नये. गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्या कोणीतरी हाताने तपासावे. खिशात गूळ, पाठीवरच्या पिशवीत यंत्र आणि गोळ्या, आणि सोबत घरचा किंवा गावचा एक जाणता माणूस हवा. आजपासून रोज दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालायला सुरुवात केली तर जेवणानंतरची साखरही आटोक्यात राहील आणि पायांना सरावही होईल.

मोतीबिंदूच्या निमित्ताने डोळ्यांविषयीही लिहितो. हा मधुमेह निदानाच्या दिवशी सुरू झालेला नसतो, अनेकदा तो काही वर्षे न कळता शरीरात असतो. त्यामुळे बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन, तसेच कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब या तपासण्या सुरुवातीलाच व्हायला हव्यात आणि पुढे दरवर्षी. मोतीबिंदू दाट असेल तर पडदा स्पष्ट दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा पाहून घ्यावा. साखर उतरणीला लागल्यावर काही आठवडे नजर बदलत राहते, तेवढ्या काळात चष्म्याचा नवा नंबर काढू नये.

प्रश्न : माझ्या आईला (वय ५२) नुकताच मधुमेह निघाला आहे. घरच्या यंत्रावर तिची साखर उपाशीपोटी ११० ते १२० आणि जेवणानंतर १५० ते १६० असते, पण एचबीए१सी ७.९ आले. तिचे हिमोग्लोबिन ८.४ आहे. यंत्र चुकीचे समजायचे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : यंत्रावर लगेच अविश्वास दाखवू नका. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण असते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाला असेल तर ही तपासणी खऱ्या साखरेपेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, आणि तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारांत किंवा नुकतेच रक्त चढवले असल्यास ती कमी दाखवते. तुमच्या आईच्या बाबतीत तीन महिन्यांच्या एका आकड्यावर गोळ्या वाढवण्यापेक्षा दोन आठवडे नीट ठेवलेल्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर यांवर उपचार बेतावेत, असे मला वाटते. हिमोग्लोबिन ८.४ इतके कमी का झाले याचे कारण शोधणे हे मधुमेहाइतकेच निकडीचे आहे. पाळीतील अतिरक्तस्राव, मूळव्याध, जंत, पोटातील व्रण यांपैकी काही आहे का ते पाहावे लागेल. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून आल्यावर काही महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करावे.

प्रश्न : सत्तर वर्षांच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. मागील महिन्यात ताप आणि उलट्या झाल्या तेव्हा ते काहीच खात नव्हते, म्हणून आम्ही दोन दिवस सगळ्या गोळ्या थांबवल्या. हे बरोबर होते का?
— एक वाचक, वाई

उत्तर : खाणे थांबलेले असताना ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी न देणे योग्य होते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल तर मेटफॉर्मिनही थांबवावे लागते, कारण त्या अवस्थेत मूत्रपिंडावर ताण येतो. तुमच्या हातून राहिलेली गोष्ट म्हणजे साखर तपासणे. तापात शरीरावर आलेल्या ताणाने साखर वाढते, माणूस उपाशी असला तरीही. म्हणून आजारपणात दर चार ते सहा तासांनी तपासावे, पाणी, ताक, भाताची पेज, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे देत राहावे, आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. जे रुग्ण इन्सुलिन घेतात त्यांनी ते स्वतःच्या मनाने कधीही पूर्ण थांबवू नये. साखर सतत ३०० च्या वर राहिली, उलट्या थांबल्या नाहीत, लघवी कमी झाली, श्वास जोराने चालू लागला किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर घरी थांबू नये, रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे.